मावळत्या ताऱ्यांची नाडी

तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहींत, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. पण तें लुकलुकणें ताऱ्याचें नव्हे. तें आपल्या डोक्यावरील हवेचें असतें. वातावरणाचे कमीअधिक उष्ण थर सारखे हलत असतात, त्यांतून येतांना ताऱ्याचा किरण क्षणोक्षणीं किंचित् वांकतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं ताराच थरथरतो आहे. म्हणून आकाशाचें मोजमाप करणाऱ्या माणसाच्या मनांत प्रकाशाच्या चढउताराविषयीं एक जुना संशय असतो. ताऱ्याचें तेज कमीजास्त झालेलें दिसलें, कीं प्रथम हवेला दोष द्यावा, मग यंत्राला द्यावा, मग स्वतःच्या नजरेला द्यावा. आणि हीं तिन्हीं निर्दोष ठरलीं म्हणजेच ताऱ्याकडे बोट दाखवावें, असा या शास्त्राचा शिरस्ता आहे. श्वेतबटु नांवाच्या ताऱ्यांच्या बाबतींत हा शिरस्ता ज्यांनीं कसोशीनें पाळला, त्यांच्या हातीं प्रकाशाची एक लहानशी थरथर लागली. आणि तिच्या साहाय्यानें पुढें ताऱ्याचें अंतरंग वाचतां आलें.

श्वेतबटूंची ओळख माणसाला झाली ती व्याधामुळें. व्याध हा रात्रीच्या आकाशांतील सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या गतींतील सूक्ष्म डुलणें पाहून १८४४ सालीं जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनीं असें अनुमान काढलें कीं, त्याला न दिसणारा एक सोबती असला पाहिजे. ३१ जानेवारी १८६२ रोजीं अमेरिकेंत आल्व्हन ग्रॅहम क्लार्क हे एका नव्या दुर्बिणीचें भिंग तपासून पाहत असतां तो सोबती त्यांच्या दृष्टीस पडला. पुढें १९१५ सालीं माउंट विल्सन वेधशाळेंतील वॉल्टर अॅडम्स यांनीं त्याचा वर्णपट घेतला, तेव्हां एक कोडें उभें राहिलें. तारा अंधुक, तेव्हां तो थंड असावा असा समज. पण वर्णपट सांगे कीं तो चांगला शुभ्र व तप्त आहे. तप्त असून अंधुक, याचा अर्थ एकच होऊं शकतो: तो आकारानें फारच लहान असला पाहिजे. वस्तुमान सूर्याएवढें आणि व्याप पृथ्वीएवढा! त्याच्यांतील चमचाभर द्रव्य पृथ्वीवर आणून तोललें तर तें कित्येक टन भरेल.

इतकें दाट द्रव्य स्वतःच्याच भारानें आणखी कोसळत कां नाहीं, याचें उत्तर १९२६ सालीं केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनीं दिलें. दाटींत कोंबलेले इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे जवळ येऊं देत नाहींत. त्यांचा तो विरोधच ताऱ्याला सावरून धरतो. या विचाराचा पुढचा धागा मुंबईपासून निघतो. ३१ जुलै १९३० रोजीं मुंबई बंदरांतून एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर बोटीनें विलायतेस निघाले. त्या प्रवासांत फाउलर यांच्या गणितांत सापेक्षतेचा सिद्धांत घालून पाहतां त्यांना असें आढळलें कीं, श्वेतबटूच्या वस्तुमानालाहि एक सीमा आहे. ती सीमा सूर्याच्या सुमारें १.४ पट आहे, असें पुढें निश्चित झालें, आणि जगानें तिला चंद्रशेखर यांचेंच नांव दिलें.

अशा ताऱ्यांत जळण उरलेलें नसतें. सरपण संपल्यावर चुलींत निखारा राहावा, तसा हा ताऱ्याचा निखारा. त्याला निवत जाण्याखेरीज दुसरें काम नाहीं. आपल्या आकाशगंगेंतील शंभरांतील सुमारें सत्त्याण्णव तारे शेवटीं याच गतीला जाणार आहेत, आणि कांहीं अब्ज वर्षांनीं आपला सूर्यहि. म्हणजे श्वेतबटु हा आकाशांतला चमत्कार नसून ताऱ्यांचें सर्वसाधारण वार्धक्य आहे. त्या वार्धक्याच्या आंत काय चाललें आहे हें कळावें कसें? निखाऱ्याचें वरचें कवच तेवढें दिसतें. हायड्रोजनचा किंवा हेलियमचा एक पातळ थर डोळ्यांना दिसतो, आणि त्याखालचा कार्बन व ऑक्सिजन यांचा प्रचंड गाभा त्या पडद्याआड राहतो.

बाजारांत मडकें घेणारी गृहिणी तें हातावर धरून बोटानें वाजवून पाहते. मडक्याच्या आंत तिला शिरतां येत नाहीं. परंतु नादावरून तें पक्कें भाजलें आहे कीं नाहीं आणि त्याला कोठें चीर गेली आहे काय, हें तिला बिनचूक कळतें. ताऱ्याला कोणी टिचकी मारूं शकत नाहीं. पण तारा आपण होऊनच वाजत असेल तर? एखाद्या ताऱ्याच्या सर्व द्रव्यांत नियमित कंप चालूं असले, तर त्यांचा परिणाम त्याच्या प्रकाशांत उमटेल, आणि त्या प्रकाशाच्या तालावरून अंतरंगाचा अंदाज बांधतां येईल. १९५० च्या सुमारास बेल्जममधील लिएज येथील गणितज्ञांनीं श्वेतबटूंच्या अशा कंपांचा हिशेब केला. सबंध तारा फुगत व आकसत असेल, तर एवढ्या दाट गोळ्याचा एक श्वासोच्छ्वास अवघ्या दहा सेकंदांच्या आसपास पुरा व्हावा, असा त्या हिशेबांचा निष्कर्ष होता. त्या भरंवशावर १९६० नंतरच्या दशकांत कित्येकांनीं दुर्बिणी लावून दहा सेकंदांचा ताल शोधला. तो सांपडला नाहीं.

सांपडलें तें निराळेंच. १९६५ व १९६६ सालीं अमेरिकन ज्योतिर्विद आर्लो लँडोल्ट हे वृषभ राशींतील एका अंधुक, निळसर श्वेतबटूचा प्रकाश मोजीत होते. त्या ताऱ्याला नांव असें नाहीं, ‘एच. एल. टॉ ७६’ हा यादींतला क्रमांक तेवढा आहे. नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसणाऱ्या ताऱ्याहूनहि तो कांहीं हजार पट फिका. त्याचीं मोजमापें एकमेकांशीं जुळेनात. हवा वाईट म्हणावी, तर शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश स्थिर होता. यंत्र बिघडलें म्हणावें, तर तेंच यंत्र इतर ताऱ्यांविषयीं इमानानें बोलत होतें. आणि मुख्य म्हणजे त्या चढउताराला ठेका होता: सुमारें साडेबारा मिनिटांनीं तारा उजळे, मावळे, पुन्हां उजळे. हवेची लहर असा ठेका धरून बसत नाहीं. लँडोल्ट यांनीं घाई केली नाहीं. त्यांचा शोध १९६८ सालीं छापून प्रसिद्ध झाला. पुढें याच लँडोल्ट यांनीं न बदलणाऱ्या ताऱ्यांच्या ज्या याद्या तयार केल्या, त्यांच्याशीं जगभरच्या वेधशाळा आपलीं यंत्रें ताडून पाहूं लागल्या. ज्यांचें आयुष्य स्थिर तारे निवडण्यांत गेलें, त्यांच्याच हातीं श्वेतबटूंचें हें चांचल्य प्रथम यावें, यांत आश्चर्य नाहीं. स्थिर म्हणजे काय हें ज्याला पक्कें माहीत असतें, त्यालाच खरी हालचाल ओळखतां येते.

परंतु साडेबारा मिनिटें हा काल हिशेबांत बसेना. दहा सेकंदांत श्वास घेणाऱ्या गोळ्याला साडेबारा मिनिटें लागावींत कशाला? लवकरच असे आणखीहि तारे सांपडले. लास्कर व हेसर या दोघांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेला तिमिंगल राशींतील तारा त्यांत विशेष ठरला. त्याच्यावरून या सबंध वर्गाला ‘झी-झी सेटी’ असें नांव पडलें. त्याचाहि आवर्तकाल २१३ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या वर. तेव्हां ताऱ्यांची चूक नसून चूक आपल्या कल्पनेंत आहे, हें उघड झालें. १९७२ सालीं एका बाजूनें चन्मुगम् यांनीं आणि दुसऱ्या बाजूनें वॉर्नर व रॉबिन्सन यांनीं सुचविलें कीं, तारा फुगत-आकसत नसावाच.

मग तो करतो काय? हौदांतील पाणी हातानें ढवळलें तर पाण्याचें आकारमान वाढत नाहीं; तें एका अंगाला उचलतें व दुसऱ्या अंगाला खालावतें, आणि जड पाणी खालीं येऊं पाहतें म्हणून लाट मागेंपुढें चालूं राहते. श्वेतबटूंतहि असेंच घडतें. तेथें गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरील ओढीच्या लाखाहून अधिक पट असल्यामुळें द्रव्याला वर उसळणें फार जड जातें, पण आडवें सरकणें सोपें असतें. म्हणून लाटा मुख्यतः पृष्ठभागाच्या अंगानें वाहतात आणि त्यांना मिनिटेंच्या मिनिटें लागतात. रॉबिन्सन, केप्लर व नॅदर यांनीं १९८२ सालीं दाखवून दिलें कीं, या खळबळींत ताऱ्याचा आकार जवळजवळ बदलतच नाहीं. पृष्ठभागाचे कांहीं पट्टे थोडे तापतात, कांहीं थोडे निवतात, आणि त्या उष्णतेच्या फरकामुळेंच प्रकाश कमीजास्त होतो. हायड्रोजनचें कवच असलेला श्वेतबटु निवत निवत सुमारें बारा हजार अंशांवर आला, कीं कवचांतील हायड्रोजन आंतून येणारी उष्णता सरळ जाऊं न देतां अडवूं-सोडूं लागतो, आणि त्या अडवाअडवींतून लाटांना बळ मिळतें. तेव्हां ही कांहीं थोड्या ताऱ्यांना जडलेली व्याधि नव्हे; निवण्याच्या वाटेवर त्या अंशांवर येणाऱ्या प्रत्येकाची ही अवस्था. एकाची नाडी पाहिली तर साऱ्या कुळाची प्रकृति कळावी, असा हा योग आहे.

सिद्धांत खरा कीं खोटा, याची कसोटी त्याच सुमारास लागली. डोनाल्ड विंगेट व त्यांचे सहकारी यांनीं असा विचार केला कीं, हायड्रोजनच्या कवचानें हें होत असेल, तर हेलियमच्या कवचाचे ताऱ्यांतहि तें व्हावें. मात्र हेलियमला अधिक उष्णता लागते, म्हणून ते तारे सुमारें पंचवीस हजार अंशांच्या आसपास शोधावेत. त्याप्रमाणें टेक्ससमधील मॅक्डॉनल्ड वेधशाळेंतून शोध घेतला गेला, आणि १९८२ सालीं शौरी राशींतील ‘जी. डी. ३५८’ हा तारा ठरल्याप्रमाणें स्पंदन पावत असलेला सांपडला. रूपविकारी ताऱ्यांचा एखादा वर्ग आधीं कागदावर मांडावा आणि मग आकाशांत सांपडावा, असें यापूर्वीं घडलें नव्हतें.

येथवर आल्यावर मात्र एक अडचण उभी राहिली, आणि ती ताऱ्यांची नसून पृथ्वीची होती. या ताऱ्यांत एकच सूर नसतो. कित्येक सूर एकत्र वाजत असतात आणि ते एकमेकांत मिसळून जातात. त्यांना सुटे करावयाचें तर दिवसच्या दिवस अखंड ऐकावें लागतें. पण पहाट झाली कीं वेधशाळेचे दरवाजे मिटतात. समजा, शेजारच्या घरांत गाणें चाललें आहे आणि मधलें दार कोणी ठराविक वेळानें उघडतो व लावतो आहे. ऐकणाऱ्यास गाण्याचे सूर कोणते आणि दाराच्या उघडझापीनें निर्माण झालेला ताल कोणता, हें कळेनासें होतें. सूर्योदय व सूर्यास्त यांच्या उघडझापीनें ताऱ्यांच्या सुरांत असेच खोटे सूर मिसळत. एका ठिकाणीं कितीहि वर्षें निष्ठेनें वेध घेतले, तरी हा दोष जात नव्हता. व्यक्तीची चिकाटी येथें अपुरी पडत होती.

एडवर्ड नॅदर व विंगेट यांनीं १९८६ सालीं यावर जो उपाय काढला, तो ऐकावयास साधा आहे. एका वेधशाळेंत सूर्य उगवला तर दुसरींत तो मावळत असतो. मग पृथ्वीच्या भोंवतीं वेधशाळांची अशी साखळी कां करूं नये, कीं एकींत पहाट व्हावयाच्या आधीं पुढचीनें तारा हातीं घ्यावा? या योजनेस त्यांनीं ‘सबंध पृथ्वीची दुर्बीण’ असें नांव दिलें. तिचा पहिला प्रयोग मार्च १९८८ मध्यें झाला. ऑस्टिन येथें मुख्य ठाणें; तेथें बसलेले लोक निरनिराळ्या देशांतून येणारीं मोजमापें त्याच वेळीं पाहत, कोठें ढग आले, कोठें आकाश निवळलें याची दखल घेत, आणि कोणीं कोणता तारा धरावा तें कळवीत. दुर्बिणीला जोडलेलें यंत्र दर कांहीं सेकंदांनीं ताऱ्याचे प्रकाशकण मोजी. आणि जवळच्या एका स्थिर ताऱ्याचेहि मोजी, म्हणजे ढगाचा पडदा कोणता आणि ताऱ्याचें मंदावणें कोणतें हें निवडतां येई. लँडोल्ट यांचा संशय येथें यंत्राच्या रचनेंतच बसविलेला होता.

या साखळींत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, ब्राझील अशा देशांचे ज्योतिर्विद होते, आणि त्यांत भारताची जागा विशेष मोलाची होती. ऑस्ट्रेलियांत पहाट होते आणि आफ्रिका व युरोप यांत अजून उजेड असतो, त्या मधल्या तासांत तारा धरून ठेवणें भारताच्या रेखांशावरच शक्य होतें. तमिळनाडूंतील कावलूरच्या वेणु बापू वेधशाळेंतून मारार, सीता व अशोक या भारतीय संशोधकांनीं हें काम केलें. पुढें नैनितालची वेधशाळाहि या साखळींत आली. हा दुवा निसटला असता, तर खोट्या सुरांना पुन्हां वाट मिळाली असती.

मार्च १९८९ मध्यें या दुर्बिणीनें कन्या राशींतील ‘पी. जी. ११५९-०३५’ हा तारा धरला. तो नुकताच श्वेतबटु होऊं घातलेला, अत्यंत तप्त तारा आहे. सर्व देशांचीं मिळून २६४ तासांचीं मोजमापें जमलीं, आणि १९९१ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या एका ताऱ्यांत १२५ सुटे सूर निघाले! त्यांपैकीं १०१ सुरांची नेमकी ओळख पटली. लागोपाठच्या सुरांच्या आवर्तकालांत ठराविक अंतर आढळलें. एका गटांत तें साडेएकवीस सेकंदांचें होतें. त्या अंतरावरून ताऱ्याचें वस्तुमान निघालें: सूर्याच्या ०.५८६ पट. शिवाय कित्येक सूर तीन तीन किंवा पांच पांच धाग्यांत फुटलेले दिसले. स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या ताऱ्याच्याच सुरांना अशी फूट पडते. तीवरून कळलें कीं तो १.३८ दिवसांत, म्हणजे सुमारें तेहतीस तासांत, एक फेरी पुरी करतो. जो तारा मोठ्यांतल्या मोठ्या दुर्बिणींतूनहि बिंदूच दिसतो, त्याचें वजन आणि फिरण्याचा वेग नुसत्या थरथरीवरून सांगतां आला.

मडकें पक्कें भाजलें आहे काय, या प्रश्नाचीहि आवृत्ति आकाशांत निघाली. श्वेतबटु निवत गेला म्हणजे त्याचा गाभा गोठून स्फटिक व्हावा, असें १९६० च्या सुमारासच गणितानें वर्तविलें होतें. नरतुरंग राशींतील ‘बी. पी. एम. ३७०९३’ हा सूर्याहून किंचित् जड असा श्वेतबटु स्पंदन पावतो, हें १९९२ सालीं कळलें. गोठलेल्या भागांत या लाटा शिरत नाहींत, म्हणून सुरांवरून स्फटिकाचा विस्तार काढतां येईल, ही आशा होती. २००४ सालीं एका गटानें गाभ्याचा सुमारें ९० टक्के भाग स्फटिक झाल्याचा निष्कर्ष काढला, आणि वृत्तपत्रांनीं आकाशांत हिरा सांपडल्याची वार्ता दिली. परंतु दुसऱ्याच वर्षीं ब्रासार व फोंटेन यांनीं त्याच सुरांवरून दाखविलें कीं, हा भाग ३२ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत कितीहि असूं शकेल. हिऱ्याची वार्ता जशी पसरली तशी ही दुरुस्ती पसरली नाहीं. २०१९ सालीं गाया नांवाच्या उपग्रहानें मोजलेल्या हजारों श्वेतबटूंच्या गणनेवरून गोठण्याची क्रिया खरोखर होते याला चांगला आधार मिळाला. तो मात्र नाडीवरून नव्हे, तर ताऱ्यांच्या गर्दीवरून.

गोठण्याचा हा प्रश्न नुसत्या कौतुकाचा नाहीं. पाणी गोठतांना उष्णता सोडतें, तसा गोठणारा गाभाहि ती सोडतो, आणि ताऱ्याचें निवणें लांबतें. निवण्याचा वेग नक्की कळला पाहिजे, कारण त्यावर एक फार मोठा हिशेब अवलंबून आहे. सकाळीं चुलींतला निखारा हातानें चांचपून आग केव्हां विझली असेल हें जसें सांगतां येतें, तसें आपल्या भागांतील सर्वांत थंड श्वेतबटु पाहून येथील पहिले तारे केव्हां जन्मले तें सांगतां येतें. १९८७ सालीं विंगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रीतीनें आकाशगंगेच्या तबकडीचें वय ९.३ अब्ज वर्षें काढलें, दोन अब्ज अधिकउणें धरून. हें अधिकउणें लहान करावयाचें तर निखारा किती वेगानें निवतो, हें प्रत्यक्ष मोजलें पाहिजे.

तें मोजण्याचें काम लघुसिंह राशींतील ‘जी. ११७-बी १५ ए’ या ताऱ्यावर झालें. त्याचा मुख्य सूर २१५ सेकंदांचा. तारा निवतो तसा हा काल लांबत जातो, पण किती? १९७४ पासून या ताऱ्याचे वेध घेतले गेले, आणि ब्राझीलचे एस. ओ. केप्लर यांनीं त्यांचा हिशेब दशकानुदशकें चालविला. पंचेचाळीस वर्षांच्या वेधांवर आधारलेला त्यांचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें तो काल एका सेकंदानें वाढावयास साठ लाखांहून अधिक वर्षें लागतील. मागें पडणाऱ्या घड्याळाची चूक जशी दिवसेंदिवस सांचत जाते, तसाच हा फरक सांचला म्हणून तो दिसूं शकला. आणि इतक्या वर्षांत सांचून सांचून तो अर्धें मिनिटहि भरला नाहीं. त्या अर्ध्या मिनिटाच्या आंतील अंतरावरून हा निखारा किती वेगानें निवतो आहे तें कळलें. तो वेग गणिताच्या अपेक्षेहून अधिक निघाला आहे. उष्णता कोणी अज्ञात कण बाहेर नेत असेल काय, अशी शंका कांहीं संशोधकांनीं मांडली आहे. इतरांस गणितांतच उणीव वाटते. हा वाद मिटलेला नाहीं.

आतां पृथ्वीबाहेरच्या दुर्बिणींना पहाटेचा अडथळा उरलेला नाहीं. केप्लर व टेस या अमेरिकन दुर्बिणींनीं अवकाशांतून आठवड्यांचे आठवडे हे तारे अखंड पाहिले आहेत. तरीहि या घड्याळाचा निकाल दोन-चार वर्षांच्या वेधांत लागत नाहीं. १९७४ सालीं ज्यांनीं त्याचीं पहिलीं टिपणें केलीं, त्यांच्या हयातींत त्यांतून कांहीं निष्पन्न होईलच असा भरंवसा कोणी देऊं शकला नसता. नॅदर २०१४ सालीं गेले, लँडोल्ट २०२२ सालीं गेले. लघुसिंहांतील तो बिंदु दर २१५ सेकंदांनीं उजळतो आहे, आणि त्याची पुढची नोंद ज्याला करावयाची आहे, त्याच्या हातांत या साऱ्यांच्या नोंदवह्या आहेत.